मधमाशी की सिरफिड माशी? छायाचित्रावरून करावयाची ओळख

रब्बीची पिके फुलोऱ्यावर आली म्हणजे शेतांतून आणि परसबागांतून काढलेली किडींची छायाचित्रे आमच्याकडे मोठ्या संख्येने येऊ लागतात. पूर्वी कीड दाखवावयाची झाल्यास शेतकऱ्यास ती बाटलीत घालून तालुक्याच्या गावी आणावी लागे. आता मोबाइलवर छायाचित्र काढून ते क्षणात पाठविता येते. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु बाटलीतील किडा उलटसुलट करून भिंगाखाली पाहता येतो, छायाचित्रातील किडा जसा बसला असेल तसाच पाहावा लागतो. त्यामुळे पाहणाऱ्याची चूक होण्याचा संभव वाढला आहे. अशीच एक चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडली, तिच्यापासूनच आरंभ करणे बरे.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात एका करडई उत्पादक शेतकऱ्याने दोन छायाचित्रे पाठविली. पहिल्यात बांधाकडेला फुललेल्या कोथिंबिरीच्या छत्रीवर बसलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक माशी होती. खाली लिहिले होते, ‘यंदा मधमाश्या पुष्कळ आहेत.’ दुसऱ्यात करडईच्या शेंड्यावर काळ्या माव्याच्या गर्दीत एक हिरवट अळी दिसत होती, आणि ‘अळी पडली आहे, काय फवारावे?’ असा प्रश्न होता. पहिल्यास मी ‘उत्तम’ असे उत्तर दिले. दुसऱ्यातील अळी घाटेअळी समजून फवारणी सुचविली, आणि मधमाश्यांना अपाय होऊ नये म्हणून ती सायंकाळी करावी असेही आवर्जून कळविले. शेतकऱ्याने सांगितल्याप्रमाणे केले. मावा गेला, अळ्याही गेल्या. पुढे पंधरवड्याच्या आत मावा परत आला आणि या खेपेस त्यास अटकाव करणारे शेतात काहीच उरले नव्हते. मी प्रत्यक्ष शेतावर गेलो तेव्हा त्या वयस्क गृहस्थांनी मोबाइल पुढे धरून विचारले, ‘‘साहेब, मग ती अळी होती तरी कशाची?’’ छायाचित्र मोठे करून पाहिले. अळीस डोके नव्हते, पायही नव्हते. मला म्हणावे लागले, ‘‘काका, पहिल्या फोटोतली माशी आणि ही अळी, दोन्ही एकच. ती आई, हे तिचे पिलू. आणि ती मधमाशी नव्हे.’’

एकाच कीटकास आम्ही दोन वेळा चुकीचे नाव दिले होते. एकदा त्यांनी, एकदा मी. दुसरी चूक महागात पडली.

सिरफिड माशी म्हणजे काय?

घरमाशी, फळमाशी व डास ज्या गणात येतात त्याच द्विपंखी गणातील हे एक कुळ आहे. जगभरात याच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. फुलासमोर एकाच जागी हवेत स्थिर राहून क्षणात बाजूस सरकण्याची तिची लकब प्रसिद्ध आहे. तिला नांगी नसते, ती चावत नाही, रोगही पसरवीत नाही. अंगावरील पिवळे-काळे पट्टे हेच तिचे संरक्षण. पक्षी व इतर शत्रू तिला डंख करणारी माशी समजून टाळतात. ज्या सोंगाने पक्षी फसतात त्याच सोंगाने आपणही फसतो, त्यात विशेष लाज वाटण्यासारखे काही नाही.

प्रौढ माशी फुलांतील मध व पराग खाते. मादीची अंडी पक्व होण्यास परागाची गरज असते, म्हणून ती फुलांवर वारंवार येते व ओघानेच काही परागीभवनही घडवून आणते. आपल्या शेतात नेहमी आढळणाऱ्या अनेक जातींच्या अळ्या मात्र मावा खाऊन जगतात. अशी एक अळी आपल्या अवस्थेच्या काळात शेकडो मावा फस्त करते. तिचे खाणे बरेचसे रात्री चालते, त्यामुळे दिवसा शेतात हिंडणाऱ्यास तिचे काम दिसत नाही.

मधमाशी व सिरफिड या दोन्ही उपकारकच आहेत, मग ओळखीचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर त्यांच्या पिलावळीच्या जागेत आहे. मधमाशीच्या अळ्या पोळ्यात, पिकापासून दूर, कामकरी माश्यांच्या देखरेखीखाली वाढतात. जमिनीत किंवा लाकडात घर करणाऱ्या एकाकी माश्यांची पिलेही घरातच असतात. म्हणून फवारणी सायंकाळी, माश्या परतल्यावर केली, तर त्यांचा पुष्कळ बचाव होतो. सिरफिडची पिलावळ मात्र पिकाच्या पानावर, माव्याच्या मध्यभागी उघडी पडलेली असते. ती सायंकाळी कोठेही परतत नाही. सकाळी फवारा किंवा सायंकाळी फवारा, औषध तिच्या अंगावर पडणारच. तेव्हा फुलावर दिसणारी माशी कोणती हे कळल्याखेरीज ‘सायंकाळी फवारा’ हा सल्ला पुरेसा आहे की नाही, हे कळत नाही.

छायाचित्रात काय पाहावे?

पाठ्यपुस्तकात पहिली खूण पंखांची दिलेली असते. मधमाशीस चार पंख, सिरफिडला दोन. खूण शंभर टक्के खरी आहे, परंतु छायाचित्रात ती क्वचितच उपयोगी पडते. मधमाशीचे मागचे लहान पंख पुढच्या पंखांस बारीक आकड्यांनी अडकविलेले असतात, त्यामुळे दोन्ही मिळून एकच पंख असल्यासारखे दिसते. सिरफिडच्या मागच्या पंखांचे रूपांतर गदेसारख्या दोन चिमुकल्या अवयवांत झालेले असते व तेही पंखांखाली झाकलेले असतात. म्हणून पंख मोजण्यात वेळ दवडू नये. मेलेला किडा हाती असेल तर अवश्य मोजावेत.

रंग आणि पट्टे तर सर्वांत फसवे. फुलोरी, सातेरी, आग्या आणि पेटीतील मेलीफेरा या आपल्या मधमाश्यांचे पट्टे तपकिरी, नारिंगी, काळे अशा निरनिराळ्या छटांचे असतात. सिरफिडमध्येही तितकीच विविधता आहे. आकाराविषयीही तेच. छायाचित्रात मोजमाप नसते आणि बोटाएवढी दिसणारी माशी प्रत्यक्षात ज्वारीच्या दाण्याहून थोडीच मोठी असू शकते. हवेत स्थिर राहण्याची लकब शेतात पाहताना उत्तम खूण आहे. छायाचित्रात मात्र फुलाकडे झेपावणारी मधमाशीही हवेत टांगल्यासारखी दिसते. शिवाय निळ्या पट्ट्यांच्या एकाकी माश्या व लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचे नर हेही हवेत एका जागी घिरट्या घालतात.

मग भरवसा कशावर ठेवावा? माझ्या अनुभवाने, प्रथम तोंडाकडे पाहावे.

डोक्यावरील मिशा, ज्यांना शास्त्रात शृंगिका म्हणतात, त्या सर्वांत खात्रीच्या. मधमाशीच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या असून मधेच कोपरासारख्या वाकलेल्या असतात. छायाचित्र थोडे अस्पष्ट असले तरी हे कोपर दिसते. आपल्या शेतातील नेहमीच्या सिरफिडच्या मिशा अगदी आखूड, कपाळावर दोन दाणे चिकटवावेत तशा असतात. जवळून पाहिल्यास त्या दाण्यावर एकेक बारीक केस दिसतो. मिशा शोधूनही सापडत नाहीत असे झाल्यास ती माशी सिरफिड असण्याचा संभव अधिक, कारण मधमाशीच्या मिशा सहसा लपत नाहीत.

यानंतर डोळे. सिरफिडचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. समोरून पाहता जणू डोके म्हणजे दोन डोळेच. अनेक जातींच्या नरांत ते टाळूवर एकमेकांस भिडतात, मादीत मध्ये थोडी फट असते. कामकरी मधमाशीचे डोळे लांबट असून डोक्याच्या दोन बाजूंस असतात व मध्ये रुंद, केसाळ कपाळ राहते. मधमाशीच्या नराचे डोळेही मोठे व टाळूवर भिडलेले असतात हे खरे, परंतु तो मध गोळा करण्यास फुलांवर जात नाही. फुलावरच्या छायाचित्रात त्याची अडचण सहसा पडत नाही. डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे दिसले तर ती बहुधा सिरफिडच समजावी. आपल्याकडील काही जातींचे डोळे असे नक्षीदार असतात.

तिसरी खूण मागच्या पायांची. कामकरी मधमाशीच्या मागच्या पायाची नळी रुंद व चपटी असून तीवर परागाची गोळी बसविण्याची जागा असते. पिवळी किंवा नारिंगी गोळी दिसली म्हणजे वाद संपला. ती मधमाशी किंवा तिच्या निकटच्या नात्यातील माशी होय. सिरफिड पराग खाते, परंतु पिलांसाठी वाहून नेत नाही. तिच्या अंगास धुळीप्रमाणे पराग लागलेला असेल, गोळी कधीच नसेल. उलट गोळी नाही म्हणून ती मधमाशी नव्हे, असे मात्र म्हणता येत नाही. केवळ मध गोळा करणाऱ्या माशीच्या पायावर गोळी नसते.

कमरेची खूण दुय्यम धरावी. मधमाशीचे पोट छातीस बारीक कमरेने जोडलेले असते, सिरफिडची छाती व पोट बरेचसे सलग दिसतात. वरून घेतलेल्या चित्रात ही जागा पंखांखाली जाते. केसांविषयीही असेच. मधमाशी एकंदरीत केसाळ आणि नेहमीची सिरफिड गुळगुळीत व चकचकीत, एवढे सामान्यपणे म्हणता येते. मात्र सिरफिडच्या काही जाती चांगल्या केसाळ असतात, आणि म्हातारी मधमाशी केस झिजून गुळगुळीत होते.

दहापट मोठे दाखविणारे भिंग ज्यांच्याजवळ आहे त्यांनी सिरफिडच्या पंखाच्या मध्यावर एक जास्तीची शीर शोधावी. ती घडीसारखी असून दोन्ही टोकांस मोकळी सुटते, इतर शिरांस मिळत नाही. या कुळाची ही घरची खूण आहे. उत्तम मोबाइलच्या छायाचित्रातही ती कधी कधी उमटते.

जाती ओळखण्याच्या भरीस गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पडू नये, पण एक जात मात्र सहज ओळखता येते म्हणून सांगतो. एपिसिरफस बाल्टिएटस या माशीच्या नारिंगी पोटावर काळे पट्टे जोडीजोडीने असतात. एक जाड आणि त्याच्या जवळ एक बारीक, मिशीच्या रेघेसारखा. ही दुहेरी रेघ एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही. तिची अळी मावा खाणारी आहे. पिवळ्या तोंडाची, काळ्या पोटावर पिवळे पट्टे असलेली इस्कियोडॉन स्कुटेलॅरिस हीही आपल्या पिकांवर नेहमी दिसते व तिची अळीही मावाच खाते.

गोठ्याच्या मोरीवरील ‘मधमाश्या’

दरवर्षी एखादे तरी छायाचित्र असे येते की त्यात गोठ्याच्या मोरीभोवती किंवा शेणाच्या खड्ड्याशी जाडसर, तपकिरी माश्या दिसतात आणि ‘मधमाश्या घाणीवर का बसतात?’ अशी पृच्छा असते. मधमाश्या पाण्यासाठी ओल्या जागी येतात हे खरे, परंतु येथे पुष्कळदा सिरफिडचीच दुसरी शाखा असते. हिच्या अळ्या सडक्या पाण्यात वाढतात आणि उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी पृष्ठभागावर काढून श्वास घेतात. या अळ्या पिकास उपद्रव देत नाहीत आणि मावाही खात नाहीत. तेव्हा सिरफिड दिसली म्हणजे मावा खाणारी अळी असलीच पाहिजे, असा उलटा निष्कर्षही काढू नये.

हीच गल्लत फार जुनी आहे. मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या उत्पन्न होतात, असा प्राचीन ग्रीक व रोमन लोकांचा समज होता आणि व्हर्जिल या रोमन कवीने आपल्या शेतीविषयक काव्यात त्याची कृतीच दिली आहे. कुजत्या द्रवात वाढून बाहेर पडणाऱ्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या याच माश्यांमुळे तो समज रूढ झाला असावा, असे स्पष्टीकरण ऑस्टेन-साकेन या माश्यांच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. अर्थात त्या ‘मधमाश्यां’पासून मध कोणास मिळाला असेल, असे वाटत नाही.

अळीचे छायाचित्र

माशीच्या ओळखीत चूक झाली तर एकदम नुकसान होत नाही. अळीच्या ओळखीतील चूक फवारणीच्या खर्चावर व पुढच्या माव्यावर जाते. म्हणून येथे अधिक सावध राहावे.

पतंगवर्गीय अळीस, उदाहरणार्थ घाटेअळीस, स्पष्ट, कठीण, गोल डोके असते. डोक्यामागे तीन जोड्या खरे पाय व पोटाखाली मांसल पाय असतात. सिरफिडच्या अळीस यांपैकी काहीच नसते. तिचे पुढचे टोक निमुळते, मागचे बोथट, अंग चपटे व सुरकुतलेले, रंग हिरवट, पिवळट किंवा तपकिरी, आणि अनेकदा पाठीवर एक पांढरट उभी रेघ. चालताना ती जळूप्रमाणे पुढचे टोक डावीकडे उजवीकडे फेकत जाते. तोंडात मावा पकडून तो वर उचलून शोषताना ती आढळली तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. तिच्या आसपास माव्याच्या रिकाम्या, सुरकुतलेल्या कातडी व पानावर काळसर चिकट डाग असतात. घाटेअळी असेल तर कुरतडलेले पान, पोखरलेले बोंड व विष्ठेचे दाणे दिसतील.

अंडी पांढरी, लांबट, सुमारे एक मिलिमीटरची असून माव्याजवळ एकेकटी घातलेली असतात. दोन-तीन दिवसांत त्यांतून अळी निघते, आठ-दहा दिवसांत ती पूर्ण वाढते आणि पानावर किंवा दांड्यावर थेंबाच्या आकाराचा कोष चिकटवून त्यात सुमारे आठवडाभर राहते. थंडी कडक असेल तर हा काळ लांबतो. कोषालाही पुष्कळजण किडीचे अंडे समजून चिरडतात.

शेतातील निर्णय

सिरफिड आहे म्हणून फवारणी कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. ही माशी मावा वाढल्यानंतर येते, आधी नाही. उशिरा पेरलेल्या करडईवर मावा कोवळ्या अवस्थेत भराभर वाढला, तर अळ्यांची वाट पाहणे पिकास परवडत नाही. परंतु शेतात चारी बाजूंस व मध्यभागी फिरून बरीच झाडे तपासावीत. माव्याच्या बहुतेक वसाहतींत अळ्या किंवा अंडी दिसत असतील तर तीन-चार दिवस थांबून तीच झाडे पुन्हा पाहावीत. मावा घटत असेल तर पंपास हात लावू नये. करडईवर मावा प्रायः कडेच्या ओळींत प्रथम दिसतो. फवारणी करावीच लागली तर आरंभी तेवढ्याच ओळींवर करून आतील क्षेत्र मोकळे ठेवावे. बांधावर कोथिंबीर, शेपू किंवा मोहरीचे चार तास फुलोऱ्यास राखले तर प्रौढ माश्यांना मध व पराग मिळतो.

उसावरील लोकरी माव्याची आठवण पुष्कळांना असेल. सन २००२ मध्ये सांगली भागात तो प्रथम दिसला व पुढे ऊसपट्ट्यात पसरला. त्या वेळी डिफा व मायक्रोमस या भक्षक कीटकांचे नाव घरोघर झाले. त्यांच्याच जोडीला युपिओडिस कॉन्फ्रेटर ही सिरफिड माशीही त्या माव्यावर काम करीत होती. तिचे नाव मात्र फारसे कोणी घेतले नाही. पानाखाली पांढऱ्या लोकरीत दडलेली तिची अळी दिसण्यास कठीण, आणि दिसली तरी लोक तिला अळी म्हणूनच पाहत.

छायाचित्र कसे काढावे?

एक चित्र वरून, एक बाजूने व एक समोरून, अशी तीन चित्रे पाठवावीत. समोरचे चित्र सर्वांत मोलाचे, पण तेच सहसा कोणी पाठवीत नाही. सकाळी ऊन तापण्यापूर्वी माश्या मंद असतात, त्या वेळी जवळ जाता येते. आपली सावली फुलावर पडू देऊ नये, सावली पडताच माशी उडते. अळीचे चित्र घेताना ती उचलून तळहातावर घेऊ नये. ती ज्या माव्यात बसली आहे त्या माव्यासह घ्यावे, कारण निम्मी ओळख जागेवरून होते. शेजारी आगपेटीची काडी धरली म्हणजे लांबीचा अंदाज येतो. पिकाचे नाव, तारीख व पूर्वी फवारणी झाली असल्यास औषधाचे नाव सोबत लिहावे.

आणि एवढे करूनही शंका राहिली, तर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत माव्याने भरलेला शेंडा व ती अळी ठेवून तोंडास पातळ कापड बांधावे. माव्याचा ताजा शेंडा रोज घालावा, बरणी सावलीत ठेवावी. रात्रीत किती मावा संपला हे सकाळी मोजण्यात मुलांना फार गंमत वाटते. त्या काकांनी पुढच्या वर्षी अशी बरणी ओसरीवर ठेवली होती व येणाऱ्या-जाणाऱ्यास ते ती दाखवीत. कोष धरल्यावर घाई करू नये. त्यातून बाहेर पडलेली माशी पंख ताठ होईपर्यंत बरणीच्या भिंतीवर बराच वेळ निश्चल बसून असते. डोळे, मिशा व पाय यांचे स्वच्छ छायाचित्र घेण्याची हीच वेळ. ते झाले की कापड सोडून बरणी करडईच्या ओळीत आडवी ठेवावी.